पलीकडची बहीण

वफीकाने फुटपाथवरून उजवा पाय खाली सोडला आणि तो अधांतरीच राहिला. कड जवळजवळ गुडघ्याएवढी उंच होती. तिने पाय पुन्हा वर घेतला.

"हात देऊ, मावशी?" रावंदने विचारलं.

"हात दिलास तर मी कुठे अडते ते तुला कळायचं कसं?"

रावंद रहिवासी मंडळाची इंजिनियर. अम्मानमधल्या या टेकडीवर माणसाला कुठे चालता येतं नि कुठे नाही, हे तपासायला तिने वस्तीतल्या लोकांना बोलावलं होतं. तरुण पोरं मापाच्या फिती घेऊन आली. सत्तरीची वफीका बोलावण्याची वाट न पाहताच खाली उतरली.

तिचं गाऱ्हाणं एकच होतं. समोरच्या इमारतीत तिची धाकटी बहीण नजाह राहायची आणि मधे सुसाट रस्ता होता. गुडघे धरल्यापासून दोघी बाल्कनीतूनच हात करत. भेटायचंच तर टॅक्सी, तीही टेकडी उतरून, वळसा घालून. "रस्ता ओलांडायला टॅक्सी?" म्हणत एक ड्रायव्हर हसला, तेव्हापासून वफीकाने टॅक्सीही सोडली होती.

त्या दिवशी ती सगळ्यांच्या पुढे चालली. फुटपाथच्या मधोमध लावलेल्या ऑलिव्हच्या झाडापाशी थांबून म्हणाली, "इथे मला रस्त्यावर उतरावं लागतं." बेकरीसमोर ती पुन्हा थांबली.

"अबू फव्वाज, तुझी खोकी वाटेत आहेत."

"वीस वर्षं तिथेच आहेत, मावशी."

"तेवढीच वर्षं मी शेजारच्याकडून ब्रेड घेतेय."

अबू फव्वाजने खोकी आत ओढली.

पाहणीचे निष्कर्ष सांगायला मंडळ पालिकेत गेलं, तेव्हा रावंदने वफीकालाही नेलं. तिथला साहेब भला होता. "पादचारी पूल बांधून देतो," तो म्हणाला.

"म्हणजे गाडी सपाटीवरून जाणार आणि मी डोंगर चढणार?" वफीका म्हणाली. "गाडीलाच थांबव, बाळा. तिला गुडघे नसतात."

साहेब हसला नाही. त्याने नकाशा स्वतःकडे ओढून घेतला.

हिवाळा सरता सरता कड उतरती झाली, सिग्नल लागला, रस्त्याच्या मधे उभं राहायला ओटा आला. ईदच्या दुसऱ्या दिवशी वफीका मक्लूबाचं, म्हणजे मटण घातलेल्या भाताचं पातेलं फडक्यात बांधून निघाली. तिच्या मुलाने पातेलं घ्यायला हात पुढे केला.

"बाजूला हो," ती म्हणाली.

गाड्या थांबल्या. मधल्या ओट्यावर तिने डोक्यावरचा रुमाल नीट केला आणि घाई न करता पलीकडे पोचली. नजाह इमारतीच्या दारातच उभी होती. अंगात बाहेर जायचा कोट, एका हातात काठी, दुसऱ्या हातात मामूलचा, खजूर भरलेल्या ईदच्या बिस्किटांचा डबा.

"चल वर," वफीका म्हणाली.

"नाही ताई. तू घरी जा."

"म्हणजे?"

"जा, दार लावून बस. तू एकटीनेच का चालायचं? मी पाहुणी येतेय तुझ्याकडे."

वफीकाने तिच्या कोटाकडे, काठीकडे पाहिलं. मग पातेल्यासकट वळली.

घरी येऊन तिने दार लावलं, बैठकीच्या उशा सारख्या केल्या आणि ताठ बसली. बऱ्याच वेळाने घंटा वाजली.

वफीका उठली, दारापाशी गेली, पण कडी काढली नाही.

"कोण आहे?" तिने विचारलं.