न थरथरलेला अवसार

बाबलीच्या अंगात अवसार आला, म्हणजे देव संचारला, की तो असा थरथरायचा की देवळामागचे नारळ आपोआप गळायचे. नारळ पाडणाऱ्या शिवाचा धंदा त्यानेच बुडवला. खोटं वाटत असेल तर शिवाला विचारा. तो मेलाय, पण विचारा.

बाबलीला साखरेचा आजार होता. इन्शुलिनची बाटली ओल्या मडक्यात, सुई रोज सकाळी स्वतःच टोचायचा. त्र्याऐंशी साली छातीत धडधड सुरू झाली, तेव्हा मालवणच्या डॉक्टरांनी गोळी दिली. मी सोबत होतो.

"साखर फार उतरली की शरीर ॲड्रेनलिन सोडतं," ते त्याच्या बायकोला, नर्मदावहिनीला म्हणाले. "त्याने हात कापतात, काळीज धडधडतं, माणूस सावध होतो. ही गोळी ॲड्रेनलिनला दारंच बंद करते. आता कापरं भरणार नाही. घाम येईल, तेवढाच इशारा. दिसला की साखर द्या. आणि सुई घेतल्यावर उपास नाही."

त्या गोळीने इन्शुलिनचा गुणही जरा कमी पडू लागला, म्हणून त्यांनी सुईचा डोस वाढवला.

वैशाखात देवाला कौल लावायचा होता. बाबलीने पहाटेच सुई टोचली आणि देवाआधी काही खाईना. दुपारी तो रिंगणात उभा राहिला. हललाच नाही. घाम निथळत होता. पण वैशाखात आमच्या किनाऱ्यावर कोण निथळत नाही? देवळातली घंटासुद्धा घामेजली होती.

मग तो पुटपुटू लागला. लोकांनी हात जोडले.

वहिनी साखरपाण्याचा तांब्या घेऊन धावली. मी आडवा आलो.

"वयनी, वायच थांब. माका इचारूचा आसा."

"भावजी, देव नाय इलो. साखर उतारली तेंची."

"पाच मिन्टां गो."

होडीला नवं इंजिन घ्यावं की नाही, एवढंच मला विचारायचं होतं. माझ्या आधी दोघे होते. त्यांना काय उत्तर मिळालं ते त्यांनाही कळलं नाही, पण समाधानाने बाजूला सरले. माझी पाळी आली. मी बाबलीचा हात धरला. पायाखालची वाळू भाजत होती, आणि तो हात बर्फातल्या बांगड्यासारखा गार.

"इंजिन घेव काय रे म्हाराजा?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. नजरेत ओळख नव्हती. गुडघे दुमडले. वहिनीने मला ढकलून तांब्या त्याच्या ओठांना लावला. दातखीळ बसली होती. पाणी हनुवटीवरून गळत राहिलं.

मालवणची एसटी चारला होती. तेव्हा जेमतेम एक वाजला होता.

मागून सत्यवान म्हणाला, "तुजा झाला काय रे? माजी पाळी मगे."