माफीची तालीम

तुळजानं खडूनं फरशीवर एक गोल काढला, बायनाला दंडाला धरून त्यात उभं केलं आणि चार पावलं मागं सरून एक डोळा मिटून पाहिलं.

"हनुवटी वर. अजून थोडी. छताला काय चिकटलंय ते बघायचं नाही, समोर बघ. हं. आता सांग, तुझी चूक काय?"

बायना समोर बघत राहिली. आठ वर्षांची पोर. अंगातला निळा फ्रॉक कुणा मोठीचा उतरवलेला, पार पोटऱ्यांपर्यंत आलेला.

"माझी चूक न्हाई, ताई."

"असं कसं? प्रत्येकाची असते."

"लई इचार केला. न्हाईच सापडली."

बाकावरची पोरं खिदळली. बिभीषण उठून म्हणाला, "माझ्या तीन हायत, ताई. एक देऊ का तिला?"

"तू खाली बस रे, शहाण्या."

मिशनच्या त्या शाळेत चौथीपर्यंतच वर्ग होते. चौथी म्हणजे शेवटचं वर्ष, आणि ते सुरू व्हायच्या आधी सिस्टर क्लारा तिसरीच्या पोरांना तयार करून घेत. पाढे झाले, शुद्धलेखन झालं. पण खरी तयारी एप्रिलातल्या शेवटच्या शनिवारची. त्या दिवशी चौथीत जाणारं एकेक लेकरू साऱ्या शाळेपुढं उभं राहून आपली एक चूक सांगायचं, आणि सारी शाळा एका आवाजात म्हणायची, "माफ!" मग सिस्टर त्याच्या खिशाला निळी फीत लावत. चौथीच्या मुलांकडं शाळेची घंटा जायची, पाण्याचे माठ जायचे, पहिलीतली बारकी पोरं जायची. एवढं हातात घ्यायचं तर आधी मन धुऊन घ्यावं, असं सिस्टर म्हणत. शाळेतली बहुतेक पोरं शेतकऱ्यांची नि धनगरांची, घरी खंडोबा नि भवानी. पण हा शनिवार त्यांना जत्रेसारखा वाटे.

यंदा ती तयारी तुळजाकडं होती. तुळजा याच शाळेत शिकलेली. आता आष्टीच्या हायस्कुलात नववीची परीक्षा देऊन मोकळी झालेली. फेब्रुवारीत बीडला वक्तृत्व स्पर्धेत ती जिल्ह्यात पहिली आली. परतताना मांजरसुंब्याला एसटी थांबली, तर चहावाल्यानं तिच्या मांडीवरची ढाल बघून विचारलं होतं, "काय पोरी, कुस्ती मारलीस का?" तेव्हापासून तिची चालच बदलली होती. आरशापुढं बोलून बघायचं तिनं सोडलं. आता तिला समोर माणसं लागायची.

आणि बायनाचा आवाज तिनं पहिल्याच दिवशी हेरला होता. बारीक, पण शेवटच्या भिंतीपर्यंत न डगमगता जाणारा. या पोरीला सगळ्यांत शेवटी आणायचं, हे तिनं मनाशी ठरवूनच टाकलं होतं. फक्त पोरीला चूक हवी होती, आणि तीही "मी पेन्सिल लपवली" असली फुसकी नको.

तिला सुचलं तेव्हा ती स्वतःवरच खूश झाली.

दोन वर्षं पावसानं पाठ फिरवलेली. शाळेच्या टाकीत दर चौथ्या दिवशी गावच्या दूध संस्थेचा टँकर रिकामा व्हायचा. संस्थेचे चेअरमन मोहनराव म्हणजे तुळजाचे वडील. मागच्या मंगळवारी कुणाकडून तरी टाकीचा नळ उघडा राहिला आणि भरली टाकी मातीत गेली. चार दिवस शाळेनं अर्ध्या पेल्यावर काढले. सिस्टरनी तीनदा विचारलं, कुणी तोंड उघडलं नाही.

"असं कर, बायना. म्हण, टाकीचा नळ माझ्याकडून उघडा राहिला."

"पर म्या न्हाई ठिवला."

"अगं, कुणी तरी ठेवलाच ना? तू बोललीस की सगळे माफ म्हणणार. विषय संपला. आणि सगळ्यांत शेवटी तू. टाचणी पडली तरी ऐकू येईल बघ."

बायनानं खडूच्या गोलाकडं पाहिलं, मग तुळजाकडं. मान हलवली. दुसऱ्याच खेपेला तिनं ते वाक्य असं म्हटलं, की बिभीषणसुद्धा हसायचा थांबला.

शनिवारी खरंच टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. पुढच्या खुर्च्यांवर फादर, दोन सिस्टर आणि खास पाहुणे म्हणून मोहनराव बसले होते. पेन्सिली, चिंचा, भावाला मारलेली चापट, सगळं होऊन गेलं, निळ्या फिती लागल्या. मग बायना उभी राहिली. "टाकीचा नळ माझ्याकडून उघडा राहिला." पत्र्याखाली उभ्या दीडशे पोरांत चुळबुळसुद्धा झाली नाही. तुळजाच्या अंगावर काटा आला. आपण बसवलेलं इतकं बिनचूक उतरलंय, याचाच तो काटा होता.

मग "माफ" आलं. पण विरळ. पुढच्या चार रांगांतून आलं. मागची पोरं चार दिवसांचा अर्धा पेला विसरली नव्हती. सिस्टर क्लारांनी घाईनं टाळ्या वाजवल्या. मोहनराव शेजारच्या फादरांकडं झुकले. "कुणाची म्हणे ही?" त्यांनी विचारलं, आणि मागून कुणी तरी सांगितलं, "बंकटची. आपल्या संस्थेच्या चारा छावणीवरच हाय."

सोमवारी बायनाची जागा रिकामी होती.

"ती न्हाई यायची आता," बिभीषण म्हणाला. तोही आईबापांबरोबर छावणीतच राहायचा. "समदे तिला नळवाली म्हणतेत. तिच्या आईनं लई हानलं तिला."

तुळजा सिस्टरांच्या खोलीत गेली. सिस्टर बोर्डिंगची यादी लिहीत होत्या. शाळेमागच्या बोर्डिंगात बारा खाटा. ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या मुली तिथं राहत; नाही तर दसरा झाला की आईबापांमागं कारखान्यावर जायचं, आणि शाळा तिथंच सुटायची. यंदा एकच खाट रिकामी होती आणि ती बायनाला दिलेली होती. आता त्या नावावर काट मारलेली तुळजाला उलट्या बाजूनंही दिसली.

"काल तिची आई, छबुबाई, येऊन गेली," सिस्टर म्हणाल्या. "म्हणाली, चेअरमनसाहेबांचं पाणी माझ्या लेकीनं सांडलं, आता कुठल्या तोंडानं तुमच्यात ठेवू? कितीदा समजावलं. ऐकेना. चौथी बुडणार बघ पोरीची."

तुळजानं जे सांगायचं ते सांगितलं. बीडचा अख्खा हॉल ज्या आवाजानं भरला होता, तो इतका खाली गेला की सिस्टरना "काय म्हणालीस?" असं परत विचारावं लागलं.

दुसऱ्यांदा ऐकल्यावर त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"मला सांगून मोकळी होऊ नकोस, तुळजा. तिच्या आईकडं जा. उद्या दहापर्यंत मी यादी धाडत नाही."

घरी दुपारी मोहनराव जेवायला बसले होते. भाकरी मोडता मोडता ते कौतुकानं म्हणाले, "कार्यक्रम बाकी झकास बसवलास हां. त्या बंकटच्या पोरीनं तर कमाल केली. एवढ्या लोकांपुढं कबूल करायचं म्हंजे खायचं काम न्हाई. मी म्हणलं छावणीच्या मॅनेजरला, पोर धीट हाय." तुळजानं त्यांच्या ताटात आमटी वाढली. आमटी काठाशी आली तरी तिचा हात थांबला नाही.

"अगं, बास की!"

"हो," ती म्हणाली, आणि आमटीचं भांडं खाली ठेवलं. पूर्ण दुपार तिनं खाटेवर पडून काढली. उठून वडिलांना सांगावं असं दहादा मनात आलं. दहाही वेळा तिला सिस्टरांच्या यादीतली ती काट दिसली, आणि दहाही वेळा ती कुशीवर वळली.

मंगळवारी सकाळी आठलाच ती छावणीत पोचली. माळावर दावणींच्या रांगा, वर हिरवी शेडनेट, खाली जनावरं आणि जनावरांच्या पायाशी माणसांचे संसार. शेणाचा नि उसाच्या वाढ्यांचा आंबूस वास. फाटकावर संस्थेचा फलक, त्यावर वडिलांचं नाव मोठ्या अक्षरांत. हा फलक लागला तेव्हा तिनंच त्याचा फोटो काढून मैत्रिणींना दाखवला होता. आज ती मान खाली घालून त्याखालून गेली.

छबुबाई कोयत्यानं वाढ्यांचे तुकडे करत होती. तुळजाला बघताच ती उठली, पदर नीट केला, पोतं झटकून पुढं टाकलं.

"या, ताई. बसा. एवढ्या उन्हाचं कशाला आलात? कुणाच्या हाती सांगावा धाडायचा."

"मी बसत नाही, काकू. बोलायचंय." तुळजानं वाटेत वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही उरलं नाही. "नळ बायनानं उघडा ठेवला नव्हता. तिनं काहीच केलं नव्हतं. मीच तिला तसं बोलायला सांगितलं. कार्यक्रम चांगला दिसावा म्हणून."

कोयता छबुबाईच्या हातातच राहिला.

"तुमी सांगितलं?"

"हो."

"मंग म्या हानलं ते?" ती हळूच म्हणाली. तुळजाला नव्हे, वाढ्यांच्या ढिगाकडं बघून म्हणाली. "दोन दिस झाले. पाठीवर वळ हायत. एक सबुद बोलली न्हाई कारटी. ताईनं सांगितलं व्हतं, येवढं तरी म्हणावं का न्हाई?"

तुळजाला वाटलं, आता बाई ओरडेल. ओरडावंच तिनं. शेजारच्या दावणीवरच्या दोन बायका पाट्या खाली ठेवून इकडंच बघत होत्या. एक म्हणाली, "काय गं छबे, काय झालं?"

छबुबाईनं त्यांच्याकडं पाहिलं. मग त्यांच्याही पलीकडं, जिथं मॅनेजर जनावरं मोजत चारा वाटत चालला होता, तिकडं पाहिलं. तिच्या दोन्ही म्हशी त्याच रांगेत बांधलेल्या होत्या. तिचा चेहरा तुळजाच्या डोळ्यांदेखत बदलत गेला. कुणी ओल्या फडक्यानं फळा पुसावा तसा.

"काय न्हाई गं," ती बायकांना म्हणाली. मग तुळजाकडं वळून, आवाज उतरवून, "जाऊ द्या, ताई. लेकरांचं काय एवढं. मी आपलं रागाच्या भरात बोलले. चेअरमनसाबांच्या कानावर घालू नका, हां."

"काकू, चूक माझी आहे. मी माफी..."

"न्हाई न्हाई, तुमची कशाची चूक? तुमी मोठ्या घरच्या. तुमी तिच्या भल्याचंच सांगणार."

"तसं नाही, काकू. ऐका तरी."

"खाट हाय का अजून बोर्डिंगात?"

"आहे. दहापर्यंत."

"मंग धाडते की! तुमी सोता आलात न्ह्यायला, अन् मी नगं म्हणू?" ती लगबगीनं वळली. "ए बायने! हात धू. फ्राक घाल शाळंचा."

ताडपत्रीमागून बायना आली. हात कोपरापर्यंत शेणानं भरलेले. तुळजाला बघून ती जागीच थांबली. तिच्या तोंडावर राग नव्हता, रुसवा नव्हता. काय करायला सांगतात याची ती नुसती वाट बघत होती.

"बघती काय? ताई तुझ्यासाठी उन्हातान्हाच्या आल्यात. पाया पड त्यांच्या."

"नको, काकू. नको ना."

"पड म्हणते ना!"

तुळजानं एक पाऊल मागं घेतलं. मागं म्हैस होती. तिच्या पोटाला पाठ टेकली आणि आणखी सरकायला जागा उरली नाही. शेणाचे हात लागू नयेत म्हणून बायनानं ते पाठीमागं धरले, तशीच वाकली आणि कपाळ तुळजाच्या चपलांवर टेकवलं. वाकताना फ्रॉकचा गळा मागून खाली ओढला गेला आणि पाठीवरचे वळ उघडे पडले.

छबुबाई कोयता खाली ठेवून, दोन्ही हात जोडून हसत उभी होती.