मंडईत पडलेली माणसं

माझे सासरे भिवाजी, म्हणजे आमचे पप्पा, चाकणच्या एका कंपनीत एकोणतीस वर्षं होते. तिथे गेटवर अपघातमुक्त दिवसांचा बोर्ड होता. आकडा बिघडू नये म्हणून कुणाचं बोट चेचलं की 'घरी दारात सापडलं' असं लिहून द्यायची पद्धत. पप्पांचं स्वतःचं बोटही असंच आमच्या दारात सापडलेलं आहे. दाराला बिचाऱ्याला पत्ताही नाही.

रिटायर झाल्यावर त्यांनी संत तुकाराम नगरातल्या आमच्या चार मजली, बिनलिफ्टच्या सोसायटीत सुरक्षा समिती काढली, स्वतः अध्यक्ष झाले आणि गेटवर तसाच बोर्ड टांगला. शंभर दिवस भरले की सत्कार आणि पेढे. समितीचा नियम एकच, जिथे अपघाताची नोंद तिथेच दुरुस्ती. आमच्या मजल्यावरून उतरताना तिसरी पायरी वर्षभर फुटकी होती. पण नोंद नव्हती.

अठ्ठ्याण्णवाव्या दिवशी माझ्या सासूबाई, कस्तुराबाई, त्याच पायरीवरून पडल्या. हाताला प्लास्टर. दवाखान्यातून परतताना रिक्षात पप्पा म्हणाले, "कुणी इचारलं तर मंडईत पडले म्हन. दोनच दिवसांचा प्रश्न हाय."

मला इतका संताप आला की मी उगाचच रिक्षावाल्यावर ओरडले. आईंनी नुसती मान डोलावली. एवढ्या वर्षांत खोटी जागा सांगायची ती सवय घरात सगळ्यांनाच लागली होती, मलासुद्धा. मीही विचारणाऱ्यांना मंडईच सांगितली.

सत्काराच्या दिवशी शेजारच्या कनीजभाभी आईंचं प्लास्टर बघून हळूच म्हणाल्या, "मंडईतच ना? मी पण मंडईतच पडले होते, महिन्यापूर्वी." चौकशी केली तर आमच्या जिन्यावरची पाच माणसं मंडईत पडली होती.

समितीने ही बाब फार गांभीर्याने घेतली. मंडईतली जमीन धोकादायक असल्याचं कडक पत्र भाजीवाल्यांना गेलं. खाली पप्पांची सही.

इकडे आईंनी जिना उतरणंच सोडलं. रोज संध्याकाळी विहारात जाणारी बाई खिडकीत बसून राहू लागली. "पाय उचलतच न्हाई गं," म्हणायच्या. त्यांच्याकडे बघून मला रडू यायचं आणि पप्पांच्या ताटात भाकरी आपटली जायची.

तीन आठवड्यांनी जाईबाई घरी आल्या. मंडईतल्या भाजीवाल्यांच्या त्या पुढारी. हातात मेथीच्या दोन जुड्या.

"कस्तुराताई, माफ करा," त्या म्हणाल्या. "आमी दोन दिवस धंदा बंद ठेवला आन् सगळी जमीन सपाट करून घेतली. आता डोळे मिटून चाला."

आईंची मान वर होईना. पप्पा भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते.

जाईबाई निघाल्या. त्यांनी जिन्यात पाऊल टाकलं आणि पप्पा न राहवून बोलून गेले, "सांभाळून. तिसऱ्या पायरीवर..."

जाईबाई थांबल्या. आधी पायरीकडे बघितलं, मग आईंच्या हाताकडे.

"मग आमी सपाट काय केलं?" त्यांनी विचारलं.

त्या कठडा धरून उतरून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या घमेलं आणि थापी घेऊन हजर. मंडईच्या कामातलं सिमेंट उरलं होतं. अर्ध्या तासात पायरी नीट झाली. वर्षभर ती अर्ध्या तासासाठी थांबली होती.

पप्पा समितीचं रजिस्टर घेऊन उभे. नियम म्हणजे नियम, दुरुस्ती झाली तर नोंद हवी, आणि नोंदीत 'कारण' असा एक रकाना. तिथे त्यांचं गाडं अडलं.

आई दारात येऊन उभ्या राहिल्या. बऱ्याच दिवसांनी उंबऱ्याबाहेर.

"माझं नाव लिवा," त्या म्हणाल्या.

पप्पा पेन शोधू लागले. पेन त्यांच्या हातातच होतं.