लाल पट्टीच्या पेटीतली स्पीडगन

घाबरू नका मित्रांनो. नावात 'गन' असली तरी माझ्यातून गोळी सुटत नाही, सुटतो तो फक्त आकडा. मी एक जुनी स्पीडगन आहे. समोरून येणारी गाडी किती वेगात आहे ते मी सांगते. आता मात्र दमले आहे बाई. घोडा दाबला की आकडा उमटायला वेळ लागतो, पडद्याचा एक कोपरा अंधूक झाला आहे, आणि कधी एकदा पेटीत जाऊन पडते असं होतं. पण जो आकडा येतो तो खराच येतो. हे मुद्दाम सांगते, कारण ह्याच गोष्टीवरून भर कोर्टात माझी अब्रू गेली.

मी कारखान्यातून निघाले तेव्हा एका चष्मेवाल्या बाईंनी मला फिरत्या चाकासमोर धरून पाहिलं होतं. "शहाणी आहे हं ही," असं त्या शेजारणीला म्हणाल्या. मग माझ्या पोटावर नंबर कोरला आणि मी चौकीत आले. काय ते लाड! हवालदार मला मऊ फडक्याने पुसायचे. पावसाची भुरभुर सुरू झाली की स्वतः भिजायचे आणि टोपी माझ्यावर धरायचे. साहेबसुद्धा मला हात लावण्याआधी विचारायचे.

पुढे धाकटी आली. दिसायला माझ्यासारखीच, पण नवी कोरी. कौतुक तिकडे गेलं. जायचंच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती पेट्यांची. माझी पेटी लाल पट्टीची, तिची निळ्या पट्टीची. संध्याकाळी हवालदारांचे पाय इतके दुखत असायचे की हाताला येईल ती पेटी उघडायची, हातात असेल ती गन कोंबायची आणि झाकण लावायचं. चौकीत आम्हाला ओळखायचे ते पेटीवरून. आत कोण झोपलं आहे, ह्याच्याशी कोणाला काय देणंघेणं?

दरवर्षी आमची तपासणी व्हायची. आकडा बरोबर आला की नंबर घालून दाखला मिळायचा आणि तो झाकणाच्या आत चिकटवायचा. गेल्या खेपेला लाल पट्टीची पेटी तपासणीला गेली, तेव्हा आत धाकटी होती. मग निळी पेटी गेली, तेव्हाही आत धाकटीच! तिची दोनदा तपासणी झाली आणि मी राहिले तशीच. ओरडून सांगणार तरी कशी? मला आकड्यांशिवाय काही बोलताच येत नाही.

अशात एका सकाळी आम्ही शाळेच्या रस्त्यावर उभे होतो. तिथे चाळीसच्या वर जायचं नाही अशी मोठी पाटी आहे. मुलांनी खच्चून भरलेली एक पिवळी व्हॅन आली आणि मी आकडा दाखवला, चोपन्न. हवालदारांनी हात केला. व्हॅनवाला खाली उतरला, मध्यम वयाचा, शर्टाची सगळी बटणं लावलेला नीटनेटका माणूस.

"दादा, काहीतरीच काय! माझा काटा चाळीसवर होता. लेकीची शपथ घेऊन सांगतो, ती बघा, पुढेच बसली आहे."

"काटा तुझा, आकडा हिचा," हवालदार पावती फाडत म्हणाले. "मी काय करू, सांग."

दंडाचं सोडा. गाडीत मुलं असताना वेगाची मर्यादा मोडली, तर मुलं नेण्याचा परवानाच जातो असा नियम होता. त्याच्या घरची चूल त्या व्हॅनवर चालत होती. पण त्याला जास्त लागलं होतं ते दुसरंच. लोकांनी आपली पोरं आपल्या भरवशावर सोडली आणि आपण त्यांना उधळत नेतो, हा बोल त्याला सहन होत नव्हता. म्हणून त्याने दंड भरला नाही. तो कोर्टात गेला.

तारखेला हवालदार मला लाल पेटीत घालून घेऊन गेले. कोर्टात जुन्या कागदांचा वास होता आणि पंखा कुरकुरत होता. व्हॅनवाला न्यायाधीशबाईंपुढे हात जोडून उभा राहिला. "मॅडम, मी कधी घाई करत नाही. शाळेला विचारा. उलट वर्षभर माझी मुलं सगळ्यांच्या आधी पोचतात, म्हणून मोठ्या बाईंनी माझं कौतुक केलं आहे."

त्याच्या अगदी मागच्याच बाकावर त्याची बायको बसली होती. ती औषधांच्या दुकानात कामाला. बाटलीवरचा नंबर आणि बिलावरचा नंबर ताडून बघण्यात तिचा जन्म चाललेला. तिने नवऱ्याचा शर्ट ओढला आणि कानात काहीतरी सांगितलं.

"मॅडम, ते यंत्र जरा उलटं करून बघता का?" तो चाचरत म्हणाला.

न्यायाधीशबाईंनी मला उलटं केलं. एकदा माझ्या पोटावरच्या नंबराकडे बघितलं, एकदा झाकणातल्या दाखल्याकडे. "हवालदार, हा दाखला दुसऱ्याच यंत्राचा आहे. ह्या यंत्राची तपासणी झाली आहे का?"

हवालदारांनी पेटी पुढे करून तिची लाल पट्टी दाखवली.

"मग ह्याचा आकडा मी कशी धरू?" बाई म्हणाल्या. दंड रद्द झाला, परवाना वाचला आणि मला ताबडतोब तपासून घ्यायचा हुकूम सुटला. नवरा-बायको बाहेर आले तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तो हसत माझ्या पेटीकडे बोट दाखवून म्हणाला, "भंगार आहे हो ते, फेकून द्या!"

मित्रांनो, फार लागलं मला ते. इतकी वर्षं उन्हातान्हात उभी राहिले आणि शेवटी काय, तर भंगार!

तपासणीत मला पुन्हा फिरत्या चाकासमोर धरलं. एका आकड्याचाही फरक निघाला नाही. मी बरोबर होते. तो दाखला हाती आला तेव्हा हवालदारांनी आधी त्यावरचा नंबर माझ्या पोटावरच्या नंबराशी ताडून बघितला. मग त्यांनी दुपारी शाळेच्या रस्त्यावर रिकामी व्हॅन अडवली.

"आता काय केलं मी?" व्हॅनवाला वैतागला.

"काही नाही. तुझी केस संपली. मी पुन्हा काही काढत नाही. फक्त हे वाच."

त्याने दाखला वाचला, पुन्हा वाचला, आणि त्याच्या चेहऱ्याचा रंग उडाला. "दादा," तो हळूच म्हणाला, "हिला एकदा माझ्यावर धरा ना. गाडी रिकामीच आहे."

तो रस्त्याच्या टोकाला गेला आणि वळून आला. खिडकीतून ओरडत होता, "चाळीस! बरोब्बर चाळीस!" खरं सांगते, जन्मात पहिल्यांदा मला वाटलं की आपण चुकावं. पण मला ते जमत नाही. मी चोपन्न दाखवले.

त्याने खाली उतरून माझा पडदा बघितला आणि तो व्हॅनच्या पायरीवर बसला. हवालदारांनी आपली पाण्याची बाटली पुढे केली, ती त्याने नुसती हातात धरली.

"गेल्या वर्षी गिअरबॉक्स बदलला," तो म्हणाला. "दुसऱ्या मॉडेलचा होता, आणि काटा त्याच्यावरच चालतो. मेकॅनिक म्हणाला, चालतंय की, धकवा. काटा कोण तपासतो? अहो, म्हणून मी सगळ्यांच्या आधी पोचत होतो! वर्षभर! आणि माझी पोरगी पुढे बसलेली!"

मग त्याने बायकोला फोन लावला. "अगं, उद्यापासून गाडी बंद. काटा नीट होईपर्यंत एकही मूल बसवायचं नाही. हो, जिंकलो होतो... नंबरावर जिंकलो होतो गं." फोन खिशात टाकून तो उठला. गाडी त्याने इतकी सावकाश नेली की मागचे हॉर्न वाजवून थकले.

मित्रांनो, आम्ही यंत्रं मुकी असतो. सांभाळलंत तर खरं बोलू, धकवलंत तर त्या व्हॅनच्या काट्यासारखं तोंडावर खोटं बोलू, आणि तुम्हाला कळणारसुद्धा नाही. आम्हाला पुसा, तपासा, आणि पेटीत ठेवण्याआधी पोटावरचा नंबर तेवढा बघा. लाड करा असं मी म्हणत नाही, आता त्याची हौसही राहिली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पुन्हा शाळेच्या रस्त्यावर होतो. व्हॅनवाला चालत आला, एका खांद्यावर दप्तर आणि हातात लेकीचा हात. ती कुरकुरत होती, "बाबा, आज आपण सगळ्यांच्या शेवटी पोचणार!"

"पोचू की," तो म्हणाला. जाता जाता त्याने माझ्याकडे बघून मान हलवली.