नाकशेठची लवंग

"मग, नाकशेठ? टिकला का माल?" मालकांनी विचारलं.

नाकशेठनी सॉसेज मधोमध चिरलं, नाकाशी नेलं आणि डोळे मिटले. या सॉसेजच्या कारखान्यात त्यांना खऱ्या नावानं हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं. मसाल्याची खोली त्यांची, आणि माल पास व्हायचा तोही त्यांच्याच नाकानं. मांस टिकवायला सगळे रसायनाची पांढरी पावडर घालतात. आपण ते लवंग, लसूण आणि मिरीच्या जोरावर टिकवून दाखवू, असं टुमणं त्यांनी वर्षानुवर्षं मालकांच्या मागे लावलं होतं. शेवटी कंटाळून मालक म्हणाले, "करा बुवा एकदाचं!" तो माल शीतगृहात ठेवला होता आणि आज त्याची मुदत संपत होती. तपासणीचा अहवाल चांगला आला होता, पण इथे शेवटचा शब्द नाकाचा.

आणि नाकाला काहीच कळत नव्हतं.

त्यांनी पुन्हा हुंगलं. नुसती थंडगार हवा आत गेली. तापातून उठून ते आजच कामावर आले होते. सकाळी दूध उतू जाऊन करपलं, तेव्हा ते शेजारीच बसले होते. "अहो, घरभर जळका वास सुटलाय आणि तुम्ही ढिम्म!" बायको ओरडली होती. विचारात होतो, असं सांगून त्यांनी वेळ मारून नेली होती.

नुसती मान हलवली की काम फत्ते होतं. पण माल बिघडलेला असला तर? कुणीतरी विश्वासानं तो पोरांना वाढणार.

"जरा आमच्या हिला बोलवा," ते म्हणाले.

बायको पॅकिंगला होती. हातमोजे काढतच आली.

"तू बघ. मला वास येत नाहीये. लवंगेचासुद्धा."

मालक थट्टा समजून हसायला गेले आणि अर्ध्यावरच थांबले.

"म्हणजे सकाळी दूध..." ती म्हणाली.

"हो."

तिनं हुंगलं. दुसरं चिरायला लावलं, मग तिसरं.

"चांगलंय."

"नीट बघ गं. लवंग भारी लबाड असते, आंबूसपणा पोटात लपवते."

"बघितलं. चांगलंय म्हणते ना!"

"जिंकलात, नाकशेठ!" मालकांनी पाठीवर थाप मारली. एरवी आवडणारं ते नाव आज त्यांना टोचलं. नाक नसताना कसला शेठ!

"कसा येतोय गं वास?" त्यांनी हळूच विचारलं.

"तुम्ही घरी आलात की शर्टाला येतो ना, तस्साच."

त्यांनी सुरी पुसून तिच्या हातात दिली. "माझं नाक ठिकाणावर येईपर्यंत ही बघेल," असं मालकांना सांगून ते मसाल्याच्या खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं. ठेचलेल्या लवंगांच्या वासानं खोली भरलेली असणार. त्यांनी शर्टाची बाही नाकाशी धरली आणि बराच वेळ तशीच धरून ठेवली. काही आलं नाही. पण वास तिथं होता, तिनं सांगितलं होतं.