दुसरा अल्बर्ट

मी एक जुना पँटोग्राफ आहे. नावावर जाऊ नका मित्रांनो, मी फोटो काढत नाही. पितळेच्या पाट्यांवर अक्षरं कोरणं हा माझा धंदा. माझ्या एका हाताची पिन मोठ्या अक्षराच्या साच्यातून फिरवली, की दुसऱ्या हातातली हिऱ्याची सुई तेच अक्षर पाटीवर लहान करून उमटवते. वीज नको, बटण नको. समोर एक शांत माणूस बसला की झालं.

पंजाबातल्या बटाल्याच्या ओतशाळेत माझं अंग घडलं आणि मालक सयाजीरावांनी मला ट्रकमध्ये घालून चाकणजवळच्या कुरुळीच्या शेडमध्ये आणलं. आधी माझ्यापुढे भिवाकाका बसत. ते थकले तेव्हा त्यांनी सुमनताईंना शेजारी बसवून काम शिकवलं. त्यानंतर एकतीस वर्षं ताई आणि मी. चाकणच्या कंपन्यांतल्या मशीनवर 'हात घालू नका' अशी पाटी असते ना, त्यातल्या कितीतरी माझ्या. सांगवीतल्या बंगल्यांच्या दारांवरही मी आहे. ताईंचा लौकिक असा, की गिऱ्हाइकाच्या यादीतली चूक त्या पाटीवर जाऊच देत नसत. सोसायटीच्या यादीत एकच सभासद दोनदा लिहिलेला असला, तर त्या न विचारता एक नाव गाळत, आणि गिऱ्हाईक उलट आभार मानी. त्याचा तोरा ताईंपेक्षा मलाच जास्त होता.

मग शेडमध्ये लेझर मशीन आलं. ताई म्हाताऱ्या झाल्या, माझं काम कमी झालं. सयाजीरावांची लेक निशिगंधा आता मालकीण आहे. एका सोमवारी ती म्हणाली, "ताई, शनिवारी तुम्ही रिटायर होताय. तुमच्यामागे पँटोग्राफवर कुणी बसणार असेल तर ठेवते. नाहीतर पुढच्या आठवड्यात भंगारवाला येईल."

लेझर चालवणारी प्राजक्ता लगेच पुढे आली. "मी शिकते ना, ताई."

"तू बटनाची कारागीर, पोरी," ताई म्हणाल्या. "ह्ये हाताचं काम हाय. तुला न्हाई जमायचं."

मी आतून हादरलो. ज्यांनी मला एकतीस वर्षं पुसलं, त्यांच्याच हट्टापायी मी भट्टीत जाणार होतो. आणि मला तर बोलताही येत नव्हतं!

त्याच आठवड्यात यानिससाहेब आले. चाकणच्या एका कंपनीत मशीन बसवायला ते रीगाहून आलेले. रीगा म्हणजे बाल्टिक समुद्राकाठचं जुनं शहर. त्यांचे वडील तिथे इतिहास शिकवत. वडिलांना भेट म्हणून साहेबांना पितळेची पाटी हवी होती. तिच्यावर त्या शहराच्या पहिल्या बिशपांची नावं, आणि तीही हाताने कोरलेली.

"बिशप म्हंजी बुद्धिबळातला उंट न्हवं?" ताईंनी विचारलं.

निशिगंधा हसली. "धर्मगुरू, ताई. आपल्याकडे मठाची गादी असते ना, तसं. एक गेला की दुसरा बसतो. साडेसातशे-आठशे वर्षांपूर्वीची माणसं आहेत ही."

ताईंची ही शेवटची पाटी. त्यांनी जीव ओतून ती केली. मेनहार्ड, बर्थोल्ड, अल्बर्ट, निकोलस. खाली वेलबुट्टीसाठी जागा सोडून त्या थांबल्या. मीही सुई अशी चालवली, की कुठे खरखरीत कड राहिली नाही.

शनिवारी सकाळी पाटी खोक्यात भरताना प्राजक्ताने यादीशी ताडून पाहिली. "ताई, एक नाव राहिलं. शेवटी पुन्हा अल्बर्ट आहे."

"दोनदा लिवलाय त्यो. म्या गाळला."

"अहो, माणसं दोन आहेत. मी साहेबांना मेसेज करून विचारलं. माझे आजोबा ज्योतीराम आणि भाऊही ज्योतीराम. नाव दोनदा दिसलं म्हणून रेशनकार्डावरून कुणीतरी एक उडवलं, तर वर्षभर आजोबांचं धान्य बंद होतं. तेव्हापासून मी आधी विचारते."

ताई खुर्चीत बसल्या. ज्या गुणासाठी एकतीस वर्षं शाबासकी मिळाली, त्याच गुणाने घात केला होता. यानिससाहेब तासाभरात येणार होते. ताईंनी पाटी माझ्यावर पुन्हा बसवली, पिन धरली. मग ती सोडली. त्या उठल्या.

"माजा हात कापतोय. तू बस," त्या म्हणाल्या. "दाबू नगंस. पिनीला सोताहून जाऊ दे. ती साच्यात बराबर फिरती."

प्राजक्ताचा हात मला नवा होता. पहिल्या अक्षराला ती जरा जोरात टेकली. मग ताईंनी तिच्या मनगटाखाली आपला तळहात धरला आणि पुढची अक्षरं सरळ गेली. खरं सांगतो, मला फार बरं वाटलं.

साहेब आले. शेवटच्या नावावर बोट ठेवून ते मोडक्या हिंदीत म्हणाले, "इसको पहले बिशप नहीं बनाया. शहर ने बोला, निकोलस चाहिए. चौबीस साल बाद यही आया."

ताईंनी प्राजक्ताकडे पाहिलं. मग निशिगंधाला म्हणाल्या, "म्याडम, भंगारवाल्याला नगं म्हणून सांगा. माज्या जागी हिचं नाव लिवा. म्हैनाभर म्या येते, पगार नगं."

आता प्राजक्ता सकाळी लेझर चालवते आणि दुपारी माझ्यापुढे बसते. तिचा हात अजून थोडा जड आहे, पण मी सांभाळून घेतो.

मित्रांनो, जुनी वस्तू पुसून झाकून ठेवली म्हणजे ती जपली असं समजू नका. मला फडकं कधीच कमी पडलं नाही, माणूस कमी पडणार होता. तुमच्या घरात एखादं जुनं यंत्र असेल आणि ते चालवणारं जुनं माणूस असेल, तर जाऊन त्याच्या शेजारी बसा. तुला जमायचं नाही असं म्हणालं, तरी उठू नका.