पॅसेजमधला वजनकाटा

मित्रांनो, तुम्ही माझ्यावर कधी उभे राहिला नसाल, पण माझ्या एखाद्या भावंडावर नक्कीच राहिला असाल. मी एक जुना वजनकाटा आहे. खाली उभे राहायला लोखंडी पाटा, मागे उभा खांब आणि खांबाच्या टोकाला आडवी दांडी. दांडीवर दोन ठोकळे सरकतात, एक मोठा आणि एक लहान. दांडी हवेत स्थिर झाली की माझे बोलणे संपते. त्यापुढे माझ्याकडे शब्द नाहीत. लोक मात्र माझ्या त्या एका शब्दापुढे किती काय काय जोडतात!

माझा जन्म डनेडिन शहरातल्या एका लहानशा कारखान्यात झाला. तपासणाऱ्या म्हाताऱ्याने पितळी वजने ठेवून मला पारखले आणि माझ्या खांबावर थाप मारून तो म्हणाला, "हा खोटं बोलणार नाही." मला फार अभिमान वाटला. पुढे ऑकलंडच्या बंदराजवळच्या एका दवाखान्यात मी बरीच वर्षे काढली. गोदीतले हमाल माझ्यावर चढून एकमेकांची चेष्टा करायचे. आया आधी बाळाला घेऊन उभ्या राहायच्या, मग एकट्याच, आणि मधला फरक ऐकून हसायच्या. तेव्हा वजन वाढले की घरी आनंद व्हायचा.

तो दवाखाना बंद पडला. त्याच्या सामानाबरोबर मीही विकला गेलो आणि शहराच्या दक्षिणेला, मांगेरेत आलो. इथे मूल होत नसलेली जोडपी यायची. खोल्या लहान होत्या, म्हणून मला पॅसेजमध्ये उभे केले, वाट पाहणाऱ्यांच्या खुर्च्यांच्या अगदी समोर. नर्स ब्रिजिट स्वभावाने वाईट नव्हती, पण तिचा आवाज मोठा होता. ती ठोकळा सरकवायची आणि जो आकडा येईल तो उघड्या दारातून आत बसलेल्या डॉक्टर प्रॉक्टरना ओरडून सांगायची. खुर्च्यांवरच्या सगळ्यांना तो ऐकू जायचा. उंचीच्या मानाने वजन जास्त भरले तर सरकारी खर्चाने उपचार मिळत नसत. चाळिशी उलटली तरी मिळत नसत.

इथेच मला लोसालिने भेटली. ती टोंगा बेटांवरची. लहानपणीच आईबापाबरोबर इकडे आली होती. बालवाडीत शिकवायची, चर्चमध्ये गायची, आणि तिच्या हसण्याने खुर्च्यांवरची उदास माणसेही मान वर करायची. पहिल्या भेटीला तिचा नवरा फेलेती सोबत होता. सामान हलवणाऱ्या ट्रकवर काम करणारा हा गडी दारातून जरा तिरका होऊनच आत आला.

ब्रिजिटने आकडा पुकारला. डॉक्टरांनी दार पूर्ण उघडलेही नाही.

"वजन बरंच जास्त आहे," ते म्हणाले. "आधी ते कमी करा. मग बोलू."

"करीन, डॉक्टर," लोसालिने म्हणाली. "पण दर महिन्याला माझं पोट इतकं दुखतं, की मला बालवाडीतून घरी जावं लागतं. ते एकदा बघता का?"

"वजन उतरलं की तेही कमी होईल."

हे तिच्या आधी कितीतरी बायकांना सांगितलेले मी ऐकले होते. पण ती खाली उतरली तेव्हा तिचा एक हात पोटावर होता आणि दुसऱ्याने तिने माझा खांब धरला होता. त्या हाताला घाम होता. ते मला कळले. सांगता मात्र आले नाही.

ती कामाला लागली. सकाळी चालायची, संध्याकाळी पोहायची. रविवारच्या जेवणात अळूच्या पानात नारळाच्या दुधात शिजवलेले मांस समोर आले की ताट बाजूला सरकवायची. खुर्चीवर बसून ती फेलेतीला सांगायची, तेव्हा मी ऐकायचो.

"तुझी आत्या परवा सगळ्यांसमोर काय म्हणाली, ठाऊक आहे? म्हणे, फेलेती बायकोला उपाशी ठेवतो की काय? वाळून चाललीय पोर!"

"आत्याला सांग, म्हणावं, तो स्वतः सगळं खातो, मला उरतच नाही."

"हसू नकोस रे. इथे म्हणतात मी फार जाड, तिथे म्हणतात मी फार बारीक. एकाच अंगाने कुठेकुठे पुरं पडायचं?"

फेलेती उठला आणि तडक माझ्यावर येऊन उभा राहिला. मोठा ठोकळा शेवटच्या खाचेत गेला तरी माझी दांडी वरच टेकून राहिली.

"ओ सिस्टर," तो ब्रिजिटला म्हणाला, "मी तर हिच्या दीडपट आहे. माझा आकडा ओरडा की!"

"तुमचं कशाला? तुमची तपासणी झालीय, ती ठीक आहे. उतरा खाली, काटा मोडेल."

"मोडू दे," फेलेती म्हणाला.

खरे सांगतो, त्या क्षणी मलाही तसेच वाटले.

लोसालिनेचे वजन उतरत गेले. प्रत्येक वेळी लहान ठोकळा थोडा मागे सरकायचा. ब्रिजिट "शाब्बास" म्हणायची. डॉक्टर म्हणायचे, "अजून थोडं." दुखणे कमी झाले का, हे कुणी विचारले नाही. ते वाढले होते. एकदा तर ती खुर्चीवरच वाकून बसून राहिली आणि शेजारच्या बाईने तिला पाणी दिले. त्याही दिवशी तिला आधी माझ्यावर उभे केले.

मग बरेच दिवस ती आली नाही. आली तेव्हा काळ्या कपड्यांत होती आणि तिच्या कमरेला जाड, खरखरीत विणलेली चटई गुंडाळली होती. टोंगाची माणसे घरचे कुणी गेले की अशी चटई बांधतात. नाते जितके जवळचे तितकी मोठी. तिची चटई गुडघ्यांच्याही खाली पोचत होती. तिचे वडील गेले होते. त्यांचा देह मूळ गावी पोचवायला ती गेली होती. तिथे रोज माणसे येत होती, रोज चुली पेटत होत्या, आणि आलेल्यांसोबत बसून जेवणे हे मुलीचे कामच होते.

ती माझ्यावर चढली. ब्रिजिट म्हणाली, "ती चटई काढता का? वजनात धरली जाईल."

"ही माझ्या वडिलांसाठी आहे," लोसालिने हळू म्हणाली.

"हो, पण दोन मिनिटांचाच प्रश्न आहे."

"काढणार नाही."

ब्रिजिट गोंधळली. तिने चटईसकट वजन केले आणि सवयीने आकडा पुकारला. खुर्च्यांवरच्या माना वर झाल्या. आतून एक अनोळखी आवाज आला, "डॉक्टर प्रॉक्टर रजेवर आहेत. कुणाचं वजन ते?"

लोसालिने माझ्यावरून उतरली नाही. तिने माझा खांब दोन्ही हातांनी धरला आणि पॅसेजकडे तोंड करून बोलली. आवाज चढा नव्हता, पण गाणाऱ्या बाईचा होता. शेवटच्या खुर्चीपर्यंत गेला.

"माझं आहे. ऐकलंत ना सगळ्यांनी? मग आता पुढचंही ऐका. मी बापाला मातीत ठेवून आलेय. मी चालले, पोहले, उपाशी झोपले. आणि पहिल्या दिवसापासून सांगतेय की माझ्या पोटात दुखतं. या काट्याचं सगळे ऐकतात. माझं कोण ऐकणार?"

कोपऱ्यातली एक बाई पुटपुटली, "मलाही दुखतं. मी तर सांगायचंच सोडून दिलं."

खोलीतून एक तरुण डॉक्टरीण बाहेर आली. हेनारे तिचे नाव, डॉक्टर प्रॉक्टरांच्या बदली आलेली. ती आकड्याकडे न पाहता म्हणाली, "ताई, आत या. कुठे दुखतं ते दाखवा."

दार लागले ते बऱ्याच वेळाने उघडले. पुढच्या तपासण्यांत कळले की गर्भाशयाच्या आत असते तसले अस्तर गर्भाशयाबाहेर, पोटात पसरले होते आणि बीजकोशांवर गाठी झाल्या होत्या. दुखणे त्याचेच होते.

"हे वजनामुळे नव्हतं," डॉक्टर हेनारे म्हणाल्या. "पहिल्याच भेटीत बघायला हवं होतं. मला माफ करा."

"तुम्ही कशाला माफी मागता? तुम्ही तर आत्ता आलात," लोसालिने म्हणाली. "ज्यांनी मागायची ते रजेवर आहेत."

तिच्यावर शस्त्रक्रिया झाली. दुखणे थांबले. वजनही सरकारी मर्यादेच्या आत आले, आणि उपचाराची एक संधी मिळाली. ती वाया गेली, गर्भ राहिला नाही. दुसरीसाठी अर्ज जाईपर्यंत तिची चाळिशी उलटली होती. मित्रांनो, इथे एखादा चमत्कार सांगायला मला फार आवडले असते. तो झाला नाही. जी वर्षे गेली ती माझ्या पाट्यावर उभे राहण्यात गेली, आणि मी प्रत्येक वेळी अगदी बरोबर वजन दाखवले होते. माझ्या त्या बरोबर असण्याची मला आजही चीड येते.

ती दोघे आपले कागद न्यायला शेवटची आली तेव्हा डॉक्टर प्रॉक्टर परतले होते. ते दारात आले आणि सवयीने म्हणाले, "चला, आधी वजन बघू."

"माझं नको," लोसालिने म्हणाली. "माझं झालं. हिचं काय?"

समोरच्या खुर्चीवर एक जाडशी तरुण मुलगी बसली होती. पिशवी पोटाशी धरून ती माझ्याकडे असे पाहत होती, जणू मी तिला चावणार होतो.

"फेलेती, धर तिकडून," लोसालिने म्हणाली.

फेलेतीने माझा पाटा उचलला, तिने खांब धरला. ब्रिजिट "अहो, अहो" करत मागे धावली. मग थांबली, आणि तिनेच पुढे होऊन दार धरले. दोघांनी मला खोलीत नेऊन भिंतीशी ठेवले.

"आत जागा नाही," डॉक्टर म्हणाले.

"तुमची खुर्ची सरकवा," लोसालिने म्हणाली. "आणि आधी तिला विचारा. मग मोजा."

डॉक्टरांचा चेहरा लाल झाला. पण त्यांनी खुर्ची सरकवली.

मित्रांनो, वर्षातून एकदा माझ्या सांध्यांत तेल घाला, पाट्यावरची धूळ पुसा. एवढी निगा मला पुरे. पण मी आकडा सांगितला की तिथे थांबू नका. माणसावर किती भार आहे ते मी सांगतो. कशाचा, ते त्याच्या तोंडूनच ऐकावे लागते.

ती दोघे गेली. मुलगी आत आली. ब्रिजिटने दार लावले. डॉक्टरांनी घसा साफ केला आणि जरा अवघडूनच विचारले, "बोला. काय त्रास होतो?"

मुलीने पिशवी खाली ठेवली आणि बोलू लागली. ती बराच वेळ बोलत होती. माझे दोन्ही ठोकळे शून्यावर होते.